नाणं आधी वाचा, मग मोला

(संघाच्या कल्याण येथील मासिक सभेत एका ताईंनी केलेलं हे बोलणं. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून थोडं नीटनेटकं करून इथे देत आहोत. ज्या ताईची हकीकत यात आहे, तिने स्वतःच ती सांगायला सांगितली. नाव मात्र दिलेलं नाही.)



मुरबाड, शहापूर, टिटवाळा, बदलापूर अशा लांबलांबच्या गावांतून तुम्ही आलात. काहीजणी सकाळची पहिली एसटी धरून आल्यात. तेव्हा लांबण न लावता मुद्द्यावर येते.

आपल्यातली एक ताई. वयाने माझ्याएवढी, गटात नऊ वर्षं, एकही हप्ता चुकवलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तिने गटाकडून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. कारण सांगितलं बी-बियाणं. कोणी काही विचारलं नाही, तिच्यावर विश्वासच तसा. दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिचा हप्ता थकला. अध्यक्षताई घरी गेल्या, तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि रडायलाच लागली.

झालं असं होतं. मोबाईलवर तिने एक व्हिडिओ बघितला. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं तुमच्याकडे असेल तर नऊ लाख मिळतील. तिच्या देव्हाऱ्यात ते नाणं होतं. तिने नंबर लावला. समोरचा गोड बोलणारा, मराठीत बोलणारा, ‘ताई ताई’ करणारा. आधी म्हणाला नोंदणीचे 1,250 भरा. मग म्हणाला सरकारी टॅक्सचे 3,800 भरा, ते पैसे परत मिळतील. मग म्हणाला माणूस रोकड घेऊन निघाला आहे, विम्याचे 7,500 तेवढे पाठवा. एकूण 12,550 रुपये गेले. दहा हजार गटाचे आणि बाकीचे कोंबड्या विकून आलेले. माणूस काही आला नाही. नंबर बंद.

मैत्रिणींनो, ते नाणं 2012 साली निघालं. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारने पाच आणि दहा रुपयांची तशी नाणी काढली आणि ती बाजारात आपल्या तुपल्या हातून फिरली. अजूनही भाजीच्या सुट्ट्यात सापडतात. त्याचे नऊ लाख कोण कशाला देईल?

हे तुम्हाला हसण्यासारखं वाटत असेल तर थांबा. याच सभेत मागच्या खेपेला मी विचारलं होतं, असा व्हिडिओ किती जणींनी पाहिलाय? निम्म्याहून जास्त हात वर झाले. आणि घरात जुनी नाणी किती जणींकडे आहेत? जवळजवळ सगळे हात वर. म्हणून आज मी ‘नाण्याच्या नादी लागू नका’ एवढंच सांगून बसणार नाही. तेवढ्याने काही होत नाही. नाणं वाचायचं कसं ते सांगते. ज्याला वाचता येतं त्याला फसवणं अवघड जातं.

माझा आणि नाण्यांचा संबंध सासरचा. सासऱ्यांचं कल्याणात तांब्या-पितळेच्या मोडीचं दुकान होतं. जुने हंडे, घागरी, समया तराजूत पडायच्या आणि कधीकधी त्यांच्या तळाशी नाणी निघायची. सासरे ती एका पत्र्याच्या डब्यात टाकत. मी नवी सून. एका दिवाळीला वाटलं, डबा किती काळा पडलाय, जरा घासून काढू. चिंच, मीठ, राख घेऊन चाळीस-एक नाणी लखलखीत केली आणि कौतुकाने सासऱ्यांपुढे ठेवली. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘सूनबाई, तू याची साल काढलीस.’ नंतर त्यातली नाणी एका जाणत्या संग्राहकाला दाखवली, तर त्याने भिंगातून पाहिलं आणि घासलेली सगळी बाजूला सारली. पहिला धडा मी असा शिकले, म्हणून तुम्हालाही पहिला तोच देते.

जुनं नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, भांड्यांची पावडर तर अजिबात नको. तांब्यावर वर्षानुवर्षं जो तपकिरी-काळपट थर चढतो, तो नाण्याचं अस्सलपण सांगतो आणि त्याचं रक्षणही करतो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडाने टिपा, बस. आणि नाण्याला भोक पाडणं, कडी डागणं हेही टाळा. आपल्याकडे राणीछाप रुपयांच्या माळा आहेत. कडी लावलेल्या रुपयाला चांदीचं मोल राहतं, संग्राहकाचं मोल जातं. माळ जुनी असेल तर ती मोडू नका, दागिना म्हणून तिची किंमत वेगळी. पण नवी कडी लावू नका.

आता दुसरा धडा. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे.

हे डोक्यात पक्कं बसवायला एक उदाहरण देते. व्हिक्टोरिया राणीचा 1862 सालचा रुपया. दीडशे वर्षांहून जुना. कोणालाही वाटेल, लाखाचा असणार. पण टांकसाळीने पुढची दहाहून अधिक वर्षं रुपये पाडताना साल 1862 हेच ठेवलं. त्यामुळे 1862 चे रुपये अफाट निघाले. आजही भरपूर सापडतात. त्याआधीच्या 1840 सालच्या रुपयाचंही तसंच. साल गोठवून ठेवलं आणि वीसेक वर्षं तोच आकडा पाडत राहिले. उलट सहाव्या जॉर्ज राजाचा 1939 चा चांदीचा रुपया घ्या. वयाने कितीतरी लहान, पण फार थोडे बाहेर पडले म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात. आणि त्याच कारणाने 1938 च्या रुपयावरचा 8 कोरून 9 केलेले खोटे रुपयेही फिरतात.

म्हणजे मोल कशाने ठरतं? तीन गोष्टींनी. नाणी किती निघाली आणि किती उरली, ही पहिली. हातातलं नाणं कितपत झिजलंय, ही दुसरी. आणि घेणारे किती आहेत, ही तिसरी. वय यात कुठेच नाही. अळू आणि हापूस दोन्ही पावसाच्या आगेमागे येतात, पण भाव कशाला जास्त ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता नाणं हातात घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : हे कोणत्या काळातलं?

आपल्या आजीच्या हिशेबात रुपयाचे सोळा आणे, आणि चौसष्ट पैसे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. गोंधळ होऊ नये म्हणून त्यांना ‘नये पैसे’ म्हणत, आणि नाण्यावरही ‘नया पैसा’ असं लिहिलेलं असे. 1964 मध्ये ‘नया’ शब्द गळाला आणि नुसता ‘पैसा’ राहिला. तेव्हा आण्यांचं नाणं 1957 च्या आधीचं, ‘नया पैसा’ लिहिलेलं 1957 ते 1964 मधलं, एवढं तर लगेच कळतं.

आपल्या घरांत जास्त करून काय निघतं? भोकाचा पैसा निघतो. मधे मोठं गोल भोक असलेला तो तांबूस पैसा महायुद्धाच्या काळात, 1943 ते 1947 या वर्षांत निघाला. धातूची टंचाई होती म्हणून मधला भाग काढून टाकला. हा फार मोठ्या संख्येने निघाला, त्यामुळे झिजलेल्या भोकाच्या पैशाला मोठी किंमत नाही. मग अ‍ॅल्युमिनियमची हलकी नाणी निघतात : चौकोनी एक पैसा, पाकळ्यांच्या कडेचे दोन पैसे, षटकोनी तीन पैसे, चौकोनी पाच पैसे. यांची तर पोती आहेत. पंचवीस पैशांचं गेंड्याचं स्टीलचं नाणं 1988 पासूनचं, तेही मुबलक.

आणि कमळाचे वीस पैसे! 1968 पासून निघालेलं हे पिवळं नाणं अनेकजणींनी लक्ष्मीपूजनासाठी जपून ठेवलंय. त्यात सोनं आहे असं अजून सांगतात. त्यात सोनं नाही, पिवळा मिश्रधातू आहे. पूजेत जरूर ठेवा, त्याच्यावर कर्ज मात्र काढू नका. 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला त्यांच्या चेहऱ्याचे वीस पैसे निघाले, तेही असेच भरपूर आहेत.

दुसरा प्रश्न : धातू कोणता?

इथे बायकांचं खरं नुकसान होतं. व्हिडिओवाला लाखाचं स्वप्न दाखवून लुटतो, आणि दुसरीकडे घरातली खरी चांदी आपण पितळेच्या भावाने देऊन टाकतो. माझ्या माहेरी माझ्या आईने काळ्या पडलेल्या पावल्यांची पुरचुंडी दारावरच्या भांडीवालीला दिली आणि त्या बदल्यात एक स्टीलचा डबा घेतला. त्या चांदीच्या होत्या हे आम्हाला कित्येक वर्षांनी कळलं. डबा अजून आहे, त्यात मी रवा ठेवते.

हिशेब साधा आहे. इंग्रज काळातल्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. तुमच्या आजीचा ‘तोळा’ म्हणजे हाच रुपया. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. अधेली त्याच्या निम्मी, 5.83 ग्रॅम. पावली 2.92 ग्रॅम. चांदीची चवली 1.46 ग्रॅम. पण लक्षात ठेवा, 1918 पासून चवली चांदीची राहिली नाही, चौकोनी आणि दुसऱ्या धातूची झाली. 1941 ते 1945 सालच्या रुपयांत आणि पावल्या-अधेल्यांत निम्मीच चांदी. आणि 1946-47 च्या, वाघाचं चित्र असलेल्या नाण्यांत चांदी मुळीच नाही, ती निकेलची.

ओळखायला घरातला लोहचुंबक घ्या. निकेलचं नाणं चुंबकाला चिकटतं, चांदीचं चिकटत नाही. वाघाचा रुपया चांदीसारखा दिसतो, पण चुंबकाला टप्पदिशी लागतो. चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं मात्र नाही. इतरही कितीतरी धातू चिकटत नाहीत. म्हणून साल, वजन आणि चुंबक तिन्ही जुळायला हवं. सोनाराकडचा काटा आहेच.

समजा, त्या दिवशी शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये आहे. हा मी हिशेबाला सोपा म्हणून घेतला, खरा भाव त्या दिवशीचा विचारा. एका जुन्या पावलीत शुद्ध चांदी साधारण 2.67 ग्रॅम, म्हणजे 267 रुपये. जुन्या रुपयात 10.69 ग्रॅम, म्हणजे 1,069 रुपये. सोनार घट धरेल, थोडं कमी देईल. पण ही झाली खालची पायरी. या आकड्याच्या फार खाली कोणी मागत असेल तर नाणं परत पदराला बांधा आणि घरी या. नाणं चांगल्या स्थितीतलं किंवा दुर्मिळ सालाचं असेल तर संग्राहक याच्या वर देतो.

तिसरा प्रश्न : कुठल्या टांकसाळीचं?

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यावर सालाच्या खाली बघा. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा, भिंगाची गरज नाही. चौकटच्या पानावर असतं तसं बारीक चिन्ह असेल तर नाणं मुंबईचं, फोर्टातल्या टांकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच सालचं एकच नाणं एका टांकसाळीत कोटींनी निघतं आणि दुसरीत थोडं निघतं. म्हणून संग्राहक सालाबरोबर चिन्हही विचारतो. कधी नाणी कमी पडली तेव्हा परदेशातूनही पाडून आणली. 1985 च्या काही एक रुपयांवर सालाजवळ इंग्रजी ‘एच’ आहे, ती बर्मिंगहॅमची. गंमत म्हणून शोधा, मुलांनाही लावा. चिन्ह वेगळं दिसलं म्हणून लाखो रुपये येत नाहीत, पण डब्यातली शंभर नाणी आणि त्यांतली निवडक पाच यांतला फरक इथूनच कळायला लागतो.

चौथा प्रश्न : चूक टांकसाळीची की नंतरची?

छाप सरकलेलं, अर्धी बाजू कोरी असलेलं नाणं कधीकधी टांकसाळीतूनच तसं सुटतं. त्याला खरंच मागणी असते. पण आपल्या कल्याण-कसारा लाईनवर लहानपणी कोणी रुळावर पैसा ठेवलेला नाही? गाडी गेल्यावर तो पापडासारखा व्हायचा. तो पापड दुर्मिळ नव्हे, मोडका पैसा. हातोड्याने ठोकलेलं, कानशीने घासलेलं, भट्टीत पडलेलं नाणं हे सगळं त्यातच.

आता आपल्या भागातल्या जुन्या तांब्याबद्दल दोन शब्द. शेतात, पाटाच्या कडेला, जुन्या घराच्या पायात जाडजूड ओबडधोबड तांब्याचा पैसा निघतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ती शिवराई. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली हे आपण शाळेत शिकलो. शिवराई मात्र त्यानंतर, राज्याभिषेकाच्या काळापासून सुरू झाली आणि पुढे पेशवाईतही त्याच नावाने पाडली जात राहिली. म्हणून देव्हाऱ्यातली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. अक्षरांचं वळण, वजन आणि बिंदूंच्या ओळी पाहून जाणकार ते ठरवतो. बाजारात ओतीव खोट्या शिवराया पुष्कळ आहेत आणि सोन्याच्या होनाच्या नकला तर सर्रास. दुसरं नाणं तराजूचं. एका बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे न्याय. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी 1791 पासून अशी तांब्याची नाणी काढली.

पण कंपनीचं नाव, 1818 साल आणि राम-दरबार किंवा हनुमान असं तांब्याचं ‘अर्धा आणा’ कोणी दाखवलं तर हात जोडा आणि पुढे चला. कंपनीने असं नाणं काढलंच नव्हतं. ती अलीकडची बनावट मोहर. तीच घेऊन कोणी म्हणतो, हे तांदूळ ओढतं, परदेशातली अंतराळ संस्था कोटींना घेते. तांदळाच्या दाण्यांना लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि नाण्याखाली चुंबक असतो. शिकलेली माणसं यात घरं विकून बसली आहेत. आपण हळदीकुंकवाला बसू, तांदळाला नाही.

जमिनीत गाडगं भरून नाणी सापडली तर? ती लपवू नका. 1878 चा कायदा आजही चालू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. लपवलं तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. गावात सांगायचं तर पोलीस पाटलांना सांगा, पण अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणं हाही गुन्हा आहे. म्हणून ‘परदेशी गिऱ्हाईक आहे’ म्हणणाऱ्यापासून दुप्पट सावध.

आणखी एक. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. पन्नास पैसे मात्र अजून कायदेशीर चलन आहेत, दुकानदार नाक मुरडतो ती गोष्ट वेगळी.

आता विकायचंच ठरवलं तर कसं विकायचं ते सांगते. आधी यादी करा. वहीत साल, किंमत, धातू, चिन्ह, वजन लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कमीत कमी तीन ठिकाणी विचारा, आणि एकीने जाऊ नका, दोघी जा. विचारायला गेलात त्याच दिवशी विकू नका. मोबाईलवर कोणी पन्नास हजार लिहिलं म्हणून ती किंमत झाली नाही. आठवडी बाजारात मीही माझी कोंबडी पाच हजारांना सांगू शकते, घेणारा पाहिजे ना? खरेदी झाली तो आकडा खरा. नुसतं बघायचं, शिकायचं असेल तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे, जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालयच आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत लागतं. गटाची सहल नेहमी देवदर्शनाचीच कशाला? एकदा इकडेही काढा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ती गोष्ट. कागदावर लिहा, देव्हाऱ्याजवळ चिकटवा.

विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.

तुम्ही म्हैस विकायला काढली आणि घेणारा म्हणाला, आधी मला नोंदणीचे हजार द्या, तर तुम्ही काय कराल? दावं हातात धरून घरी याल. नाण्याचंही तेच. नोंदणी, टॅक्स, विमा, कुरिअर, फाईल, कमिशन, नाव काहीही असो. रुपया पुढे गेला की समजायचं आपण गिऱ्हाईक नाही, शिकार आहोत. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर पत्रक काढून सांगितलंय की बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून लोक जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात कमिशन आणि कर मागतात. बँक अशा व्यवहारात नसते आणि तिने कोणालाही असे पैसे गोळा करायचा अधिकार दिलेला नाही. तेव्हा बँकेचं पत्र दाखवलं, शिक्का दाखवला तरी भुलू नका. ओटीपी देऊ नका, कोणी पाठवलेलं अ‍ॅप उतरवू नका, ‘पैसे घ्यायला’ म्हणून पिन टाकू नका. पैसे घेताना पिन लागत नाही.

फसलातच तर लाजू नका, उशीर करू नका. 1930 या नंबरवर लगेच फोन करा, बँकेला कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पैसे दुसऱ्या खात्यात फिरायच्या आत थांबवता आले तर थांबतात. आपल्या त्या ताईने दोन महिने कोणाला सांगितलं नाही. भीती नवऱ्याची नव्हती, गटाची होती. चोर फक्त तिच्या लोभावर जगला नाही, तिच्या गप्प बसण्यावरही जगला. आणि खरं सांगू? लोभ म्हणणंही बरोबर नाही. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण डोळ्यांपुढे होतं.

गटाने काय केलं तेही सांगते. सभेत दोघी-तिघी म्हणाल्या, खोटं कारण सांगून कर्ज घेतलं, काढून टाका. बोलणं चुकीचं नव्हतं, पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. दीड तास बोलणं चाललं. शेवटी ठराव झाला : कर्ज माफ नाही, हप्ता महिना पाचशे करून द्यायचा, तक्रार गटाने मिळून द्यायची, आणि यापुढे मोबाईलवरून कोणी पैसे मागितले तर भरायच्या आधी गटातल्या दोघींना दाखवायचं. तक्रार दिली. पैसे आले नाहीत. हप्ते मात्र नियमित चालू आहेत, परवाच सहावा भरला.

तिचा देव्हाऱ्यातला डबा मी तिच्यासमोर उघडला. वैष्णोदेवीची तीन नाणी निघाली, पाच रुपयांची पाच रुपयांनाच. भोकाचे पैसे अकरा. अ‍ॅल्युमिनियमचा ढीग. आणि एका चिंधीत, तिच्या आजीने गाठ मारून ठेवलेल्या, काळ्याकुट्ट बारीक दोन चवल्या. साल वाचलं, काट्यावर ठेवल्या, चुंबक लावला. चांदीच्या. दोन्ही मिळून चांदी तीन ग्रॅमही नाही. मी हिशेब करून सांगितला, यात तुझा एक हप्तासुद्धा पुरा निघणार नाही. ती म्हणाली, ‘मग ठेवते. एवढ्या दिवसांत हिची खरी किंमत मला पहिल्यांदा कोणी सांगितली.’

तर घरी जा, डबा उघडा, घासू नका, वाचा. पुढच्या सभेला यादी घेऊन या. आपण बरोबर बसून बघू.